शाळा वर आणते की आहे तिथंच ठेवते?

प्रश्न : ताई, मी एम.ए. सोशॉलॉजी करतेय. दुर्खाइम आणि बूर्दिय, दोघंही फ्रेंच समाजशास्त्रज्ञ; दुर्खाइम म्हणतो शाळा समाज जोडते, बूर्दिय म्हणतो शाळाच विषमता टिकवते. पेपरात दोन्ही लिहिते पण खरं कुणाचं? आमच्या गावात तर म्हणतात, हुशार असेल तो पुढे जातोच. – एक वाचक, बार्शी

उत्तर : पेपरात दोघंही लिहा, मार्क तिथंच आहेत! पण मला विचाराल तर बूर्दियचं पारडं जड. दुर्खाइमचं अगदीच चूक नाही, प्रार्थना, राष्ट्रगीत, एका बाकावर चार घरची पोरं, यातनं आपण एक आहोत असं वाटायला लागतं, पण बाक एक असला तरी घरनं आणलेली शिदोरी एक नसते ना. ज्याच्या घरी पुस्तकातलंच मराठी बोलतात, पेपर येतो, आई होमवर्क बघते त्याला शाळा परकी वाटतच नाही, आणि ज्याच्या तोंडून घरची बोली निघाली की वर्ग फिदीफिदी हसतो त्याचं निम्मं डोकं तोंड सांभाळण्यातच जातं. मास्तर दोघांना सारखंच शिकवतात आणि रिझल्ट लागला की आपण म्हणतो हा हुशार, तो ढ. बूर्दिय या शिदोरीला सांस्कृतिक भांडवल म्हणतो. चीड याची येते की नापास झालेल्या पोरालाही आपण ढच आहोत हे पटलेलं असतं.

आणि यासाठी फ्रान्सलाच जायला नको. 1882 मध्ये जोतीराव फुल्यांनी हंटर कमिशनला, म्हणजे इंग्रज सरकारच्या शिक्षण आयोगाला, दिलेलं निवेदन वाचा, सिलॅबसला नसलं तरी वाचा. महसूल भरतो शेतकरी आणि शिक्षणाचा फायदा उचलतात वरचे, असं त्यांनी सरळ सुनावलं, वरच्यांना शिकवलं की ज्ञान खाली झिरपेल हा सरकारी हिशोबही खोडून काढला. 12 वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा म्हणाले, मोडी, बालबोध, हिशोब, शेतीची माहिती शिकवा, आणि मास्तर शक्यतो शेतकरी वर्गातले घ्या, नांगराची मूठ धरायला लाज न वाटणारे! फळ्यापुढे कोण उभंय यानंही फरक पडतो, हे त्यांनी तेव्हाच ओळखलं होतं.

राहिले तुमचे गावकरी. 2009 च्या आरटीई, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यानं खासगी शाळांत 25 टक्के जागा गरीब, वंचित मुलांना दिल्या. 2024 च्या फेब्रुवारीत राज्य सरकारनं नियम बदलला, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला या 25 टक्क्यांतून सूट. जुलैमध्ये मुंबई हायकोर्टानं तो बदल रद्द केला. हुशारीवरच भागत असतं तर लोक कोर्टात कशाला गेले असते, एवढं त्यांना विचारा. आणि हेच उदाहरण पेपरात बूर्दियखाली टाका, पाठ्यपुस्तकातलं नको.