रोजची पूजा जमत नाही म्हणतोस, मग हे करून बघ

अरे आधी ते सोळा उपचारांचं, म्हणजे पूजेतल्या सोळा पायऱ्यांचं, डोक्यातून काढ. रोज षोडशोपचारच पाहिजेत असं कुणी सांगितलं, पंचोपचार आहेत की, गंध, फूल, धूप, दीप, नैवेद्य, फूल नसलं तर अक्षता वाहा, नैवेद्याला दूध-साखरेची वाटी चालते, दहा मिनिटांत होतं. मी पण सुरुवातीला सगळं साग्रसंगीत करायला गेलो आणि रोजची लोकल चुकायला लागली, मग महिन्याभरात देवघरावर धूळ! आता रात्रीच फुलवात तुपात भिजवून ठेवतो, सहाण धुवून ठेवतो, सकाळी अंघोळ झाली की थेट पाटावर, मोबाईल तेवढा वेळ चार्जिंगलाच (हेच सगळ्यात अवघड, खरं सांगतो). अभिषेक वगैरे रविवारी निवांत. जपाचं म्हणशील तर माळ १०८ मण्यांची, मेरुमणी (माळेच्या टोकाचा वेगळा मणी) आला की ओलांडायचा नाही, माळ उलटी फिरवायची, पण लोकलच्या गर्दीत एका हाताने वरची कडी धरलेली असताना माळ कुठली जमतेय, सरळ बोटांच्या पेरांवर मोज. आणि एखाद्या दिवशी राहिलंच तर दुसऱ्या दिवशी डबल करायच्या भानगडीत पडू नकोस, माझं तिथेच बिनसलं होतं.