काढलेलं फेकायचं नाही

अगं,

त्या जुन्या मर्सिडीजचे तुझे सत्तावीस फोटो आणि दोन लांबलचक व्हॉइस मेसेज सकाळी चहाच्या वेळी बघितले. परत बघितले. काकू म्हणाली कुणाचं स्थळ आलंय का, एवढं झूम करून बघताय ते. म्हटलं स्थळच आहे, एकोणीसशे सत्तावन्नचं, आणि मुलीकडच्यांनी बरंच काही लपवलंय.

"काका, घेऊ का नको?" ह्याचं उत्तर मी देणार नाही. तू घेणार आहेस, तुझ्या आवाजातच कळलं. तेव्हा पैसा, हौस, घरचे काय म्हणतील, ते सगळं बाजूला ठेवू. तुझा गोंधळ वेगळा आहे. ही गाडी खरी आहे का, एवढंच तुला विचारायचंय. आणि तो शब्द तू तीन वेळा वापरलास, तीनही वेळा वेगळ्या अर्थानं. मर्सिडीज २२० एस म्हणून खरी, ओरिजिनल म्हणून खरी, आणि आजोबा मुंबईत शेठजींकडे जी चालवायचे तीच म्हणून खरी. ही तीन प्रकरणं वेगवेगळी आहेत बाई. एकात एक घुसडलीस की विकणारा खूश.

तू त्याला आजोबांचा फोटो दाखवलास ना? कशाला दाखवलास? आकडा तिथंच वाढला. आधी त्याच्या तोंडी "एका पारशी डॉक्टरची गाडी" होती, फोटो बघितल्यावर "मिलवाल्या शेठची" झाली, हे तूच सांगतेयस आणि तुझ्याच लक्षात येत नाहीये. फोटोत नंबर प्लेटची दोन अक्षरं दिसतात, बीएम, बस. बॉम्बे स्टेटच्या वेळी मुंबईच्या किती गाड्यांचा नंबर बीएमनं सुरू व्हायचा माहितीय का?

आता गाडीकडे बघू. पोंटन बॉडी, म्हणजे मडगार्ड बॉडीतच सामावलेले, २२० एस, ही १९५६ ते १९५९ एवढीच बनली, सहा सिलिंडर, २१९५ सीसी, दोन सोलेक्स कार्बोरेटर. आणि तुझ्या बॉनेटखाली काय आहे? चार सिलिंडरचं डिझेल. तू लिहिलंयस "कुठलंतरी टेम्पोचं इंजिन". कुठलंतरी नाही, ते टेम्पो ट्रॅव्हलरचं ओएम ६१६ आहे, फोटोतल्या पंपावरून ओळखलं मी. आणि गंमत बघ, ते इंजिन मूळचं मर्सिडीजचंच, त्यांच्या २४० डी ह्या डिझेल गाडीतलं, आपल्या पुण्याजवळ परवान्यावर बनायचं. म्हणजे विकणारा शपथेवर सांगू शकतो की "ओरिजिनल मर्सिडीज इंजिन आहे", आणि तो खोटं बोलत नाही! असल्या अर्ध्या खऱ्यांपासून सांभाळ, पूर्ण खोटं पकडणं सोपं असतं.

तुला त्या डिझेलचा राग आला, "गाडीचं वाटोळं केलं कुणीतरी" म्हणालीस. मला नाही आला. त्र्याहत्तरनंतर पेट्रोल कुठं गेलं ते तुझ्या आजोबांना विचारायला हवं होतं. स्पेअर मिळत नव्हते, परदेशातनं काही आणायचं तर ड्यूटी आणि लायसन्सात माणूस मरायचा, इम्पालात मॅटाडोरचं इंजिन बसवलेलं मी ह्या उद्यमनगरात स्वतः बघितलंय, परकं इंजिन जुन्या गिअरबॉक्सला जोडायची ॲडॉप्टर प्लेट आमच्याच लेथवर टर्न झालीये. ज्यांनी हे केलं नाही त्यांच्या गाड्या भंगारात गेल्या. तुझी गाडी आज उभी आहे ती त्या डिझेलच्या जिवावर.

म्हणून पहिलं सांगतो, आणि हे मी मरेपर्यंत सांगणार आहे, काढलेलं फेकायचं नाही. डिझेल काढशील, काढ, तुझी गाडी. पण ते इंजिन, त्याची ॲडॉप्टर प्लेट, कापून बसवलेले माउंटिंग, लांब केलेला नाहीतर आखूड केलेला प्रॉपेलर शाफ्ट, सगळं लेबल लावून ठेवायचं. मिस्त्री म्हणेल ताई भंगारवाला उभा आहे दारात, चांगला भाव देतोय. देऊ नकोस.

मला कुणी हे सांगितलं नाही. सांगतो तुला, काकूसमोर मी हा विषय काढत नाही, ती म्हणते आता किती वर्षं तेच.

१९८६ साल. मी एकतीस वर्षांचा, वर्कशॉप नुकतं चालायला लागलेलं. एका संस्थानिकाच्या जुन्या वाड्यामागं कडब्याच्या शेडमध्ये रोल्स उभी होती, २०/२५, म्हणजे १९२९ ते ३६ मधलं मॉडेल. आज ऐकून खोटं वाटेल पण तेव्हा लोक असल्या गाड्या उचलून न्या म्हणायचे. बॉडी चौकोनी, जड, डब्यासारखी, दिसायला अगदीच बैलगाडी. आमच्यातला जो तो म्हणाला ही लोकल बॉडी, नंतर कुणीतरी ठोकलेली. कारण रोल्स कंपनी तेव्हा फक्त चासी आणि इंजिन द्यायची, बॉडी गिऱ्हाईकानं आपल्या पसंतीच्या कोचबिल्डरकडून करून घ्यायची, आणि विलायतेतले कोचबिल्डर पत्र्याच्या आत ॲश नावाच्या झाडाच्या लाकडाचा सांगाडा करायचे. आम्ही दरवाजाचा पत्रा उचकटला तर आत सागवान. झालं! सागवान म्हणजे इथलं काम, इथलं काम म्हणजे नकली, नकली म्हणजे फेका. इतकं सरळ वाटलं होतं ते. तेव्हा सगळेच बोट टेल करत होते, मागची बाजू बोटीसारखी निमुळती, मुंबईच्या रॅलीत तसल्या गाड्यांभोवती गर्दी असायची, मला पण तेच पाहिजे होतं.

पत्रा किलोवर गेला. सागवान सुताराला दिलं, त्यानं त्याचे पाट केले, दोन मला पण दिले. अजून आहेत घरात. सत्यनारायणाला त्याच्यावर बसतो आम्ही.

सतरा वर्षांनी त्या वाड्यावरच्या जुन्या ड्रायव्हरचा मुलगा एक फोटो घेऊन आला. गाडी नवी कोरी, हार घातलेला, मागं वाड्याचा दरवाजा, आणि अंगावर तीच डबडी बॉडी. मग मी इंग्लंडमधून चासीच्या जुन्या नोंदीची कॉपी मागवली. चासी मुंबईला उघडीच पाठवलेली, बॉडीशिवाय. म्हणजे ती लोकल बॉडी हीच त्या गाडीची पहिली बॉडी होती, इथल्या सुतारांनी आणि पत्रेवाल्यांनी रोल्सवर चढवलेली. लंडनच्या बॉडीच्या रोल्स जगात ढिगानं आहेत गं. सागवानाची एक होती, तिचे मी पाट केले.

आता लगेच मला वाईट ठरवू नकोस. नोंदी मागवता येतात हेच आम्हाला माहीत नव्हतं, इंटरनेट नव्हतं, ट्रंक कॉल लावायला अर्धा दिवस जायचा. आणि मी गाडी वाचवली हे पण खरंय, मी नसतो तर ती कडब्यात कुजली असती, इंजिनाचं काम मी स्वतः केलं, आजही एका हँडलवर सुरू होते. बक्षिसं मिळालीत. पण दर वेळी कुणीतरी विचारतं ओरिजिनल आहे का, आणि मी "चासी-इंजिन ओरिजिनल" म्हणतो आणि पुढचं वाक्य गिळतो. वीसेक वर्षं फेकायचं नाही फेकायचं नाही म्हणत बसलोय ते उगीच नाही. असो. तुझं चाललं होतं.

तुझ्या मेसेजमधला तो एजंट काय म्हणाला ते परत ऐकलं आणि माझा पारा चढला. "चोर बाजारातून पेट्रोल इंजिन मिळवून देतो, आरसीवरचा जुना नंबर त्याच्यावर पाडून देतो, मॅचिंग नंबर होईल." आणि तू मला विचारतेस की हे चालतं का! अगं हा गुन्हा आहे, हौशीतला शॉर्टकट नाही. दुसऱ्या गाडीचं इंजिन बसव, खुशाल बसव, त्याच प्रकारचं मिळालं तर आनंदच आहे, पण त्याच्यावरचा स्वतःचा नंबर तसाच राहू दे, आरटीओत जाऊन बदल आरसीवर चढवून घे, मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ त्यासाठीच आहे. हेलपाटे पडतील, पडू देत. एकदा नंबर पाडलास की फक्त त्या इंजिनाचं नाही, अख्ख्या गाडीचं खरं संपलं, जे खरं होतं त्याच्यावर पण उद्या कुणी विश्वास ठेवणार नाही.

विंटेज नोंदणीचं त्यानं जे आमिष दाखवलंय ते पण नीट समजून घे. २०२१ चा नियम आहे, पन्नास वर्षांच्या वरच्या गाडीला व्हीए सिरीजची नोंदणी मिळते, नवी नोंदणी वीस हजार, दहा वर्षं चालते, जुना नंबर असेल तर तो ठेवता येतो. पण नियमातच लिहिलंय की गाडी मूळ स्वरूपात पाहिजे, चासी, बॉडी शेल, इंजिनमध्ये मोठा बदल नको. म्हणजे आजच्या अवस्थेत डिझेलसकट तुझी गाडी त्यात बसत नाही. एजंट हे जाणतो, म्हणून तर नंबर पाडायची भाषा. तू घाई करू नकोस. ती नोंदणी नसली म्हणून गाडी पळून जात नाही.

मग करायचं काय. आधी स्टुटगार्टहून, मर्सिडीज कंपनीकडून, डेटा कार्ड मागव. मालकीचे कागद दाखवले की मिळतं, म्हणजे सध्याच्या मालकाला अर्ज करायला लाव, टाळाटाळ करायला लागला तर काय समजायचं ते तुला सांगायला नको. त्यावर कारखान्यातून बाहेर पडताना कुठला इंजिन नंबर होता, कुठला रंग, आतली शिवण कशाची, कुठं पाठवली, हे असतं. गाडीवरचा नंबर १८०.०१० नं सुरू व्हायला पाहिजे, तो २२० एसचा. आणि फायरवॉलवरची, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावरची, ती चकचकीत प्लेट, तिचा क्लोजअप तू पाठवलास त्याबद्दल शाबास, पण रिव्हेट बघितलेस का? मधोमध भोक आहे, म्हणजे पॉप रिव्हेट. हे मला कारखान्यातले वाटत नाहीत. प्लेट कधीतरी काढून परत लावली असावी, नाहीतर नवीच केली असावी. त्यावरून गाडी खोटी ठरत नाही, पण त्या प्लेटवर एक रुपया जास्त द्यायचा नाही.

आणि रंग. हे मात्र स्वतः कर, मिस्त्रीला हात लावू देऊ नकोस. डिकीच्या अस्तराखाली नाहीतर डॅशबोर्डच्या आत, जिथं कुणी बघत नाही तिथं, रुपयाएवढी जागा बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून घासायची. हळू. आत्ताचा मरून रंग निघून जाईल, मग बहुतेक पांढरा लागेल, ऐंशीच्या आसपास अशा सगळ्याच गाड्या लग्नाच्या वराती करायच्या, मग कुठंतरी राखाडी प्रायमर, आणि त्याच्या खाली जे लागेल ते. वलयं दिसतात, झाडाच्या बुंध्यासारखी. सगळ्यात खाली काळा लागला आणि डेटा कार्डवर डीबी ०४० हा रंगाचा कोड असेल तर कारखान्यातला काळा. आजोबांची गाडी काळी होती म्हणालीस ना. तरीही ती तीच आहे असं ठरत नाही हं! एवढंच ठरतं की असू शकते. तिथं थांबायला शीक, मला जमलं नव्हतं.

लोहचुंबक घेऊन जा, फडक्यात गुंडाळून, दरवाजांच्या खालच्या कडा, चाकांच्या कमानी, स्टेपनीचा खड्डा, जॅक लावायच्या जागा. चिकटलं नाही तिथं पत्र्याऐवजी लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली. ह्या गाडीला वेगळी चासी नाही, बॉडीच चासी, पुढं इंजिन बसतं ती सबफ्रेम तेवढी वेगळी. डिझेल बसवताना कापाकापी झाली असेल तर तिथं, तिचे फोटो खालून काढून पाठव. फ्लोअर सडलेला असेल तर नवा पत्रा लागणारच, आणि कापलेला तुकडा?

फेकायचा नाही. कळतंय की सडका पत्रा ठेवून काय करायचं, काकू पण हेच म्हणते. मापाला लागतो, वेल्डचे ठिपके मोजायला लागतात, आणि दहा वर्षांनी तुलाच कुणी विचारलं तर दाखवायला लागतो.

हे माझंच वेड नाही. बेंटलेची एक स्पीड सिक्स आहे, ओल्ड नंबर वन म्हणतात, १९२९ आणि १९३० दोन्ही वर्षं ल मान्सची शर्यत जिंकलेली. पुढं तिच्यात इतके बदल झाले, १९३२ मध्ये ब्रुकलँड्सच्या शर्यतीत भीषण अपघात, मग वेगळी बॉडी, वेगळे भाग, की १९९० मध्ये लंडनच्या कोर्टात भांडण गेलं, ही तीच गाडी का? घेणारा म्हणत होता नाही. जिंकलेल्या वेळचं लोखंड तिच्यात फारसं उरलेलं नव्हतं, तरी न्यायाधीशांनी तिला ओल्ड नंबर वन मानलं, कारण इतिहास मधे कुठं तुटलेला नव्हता, कधी काय बदललं हे सांगता येत होतं. जुन्या गाड्यांच्या जागतिक संघटनेच्या २०१३ च्या ट्युरिन चार्टरमध्येही हाच सूर आहे, नंतरचे बदल हाही गाडीचा इतिहासच. माझ्या सागवानाच्या वेळी हे कुणी लिहून ठेवलं असतं तर... जाऊ दे.

मला विचारशील तर पहिलं वर्ष डिझेलवरच चालव. ब्रेक, स्टेअरिंग, वायरिंग, टायर एवढंच कर. हसतील लोक, टकटक आवाज करत २२० एस आली म्हणून. हसू देत. तेवढ्या वेळात डेटा कार्ड येईल, आणि चोर बाजारात, कुर्ल्याच्या भंगारात, कुणाच्या गोठ्यात सहा सिलिंडरचं इंजिन शांतपणे शोधता येईल. घाईत घेतलेलं इंजिन मीही घेतलंय एकदा, ब्लॉकला तडा होता, वर रंग मारलेला. त्याची गोष्ट समोर बसून.

विकणाऱ्याकडून लिहून घे की इंजिन बदललेलं आहे. "ओरिजिनल" हा शब्द पावतीवर नको, आणि तू पण कुणाला सांगताना वापरू नकोस. विचारलं तर सांगायचं, बॉडी सत्तावन्नची, इंजिन नंतरचं, प्लेट संशयास्पद, रंग चौथा. लाज कसली त्यात.

रविवारी मी येतो बघायला, पण बसनं नाही, गुडघा साथ देत नाही, तू न्यायला ये. आणि डिझेल जेव्हा केव्हा उतरवशील तेव्हा ठेवायला जागा नाही ही सबब मला सांगायची नाही. माझ्या शेडमध्ये रोल्सच्या मागं भिंतीकडचा कोपरा रिकामा आहे, पावसाचं पाणी तिथं येत नाही, खाली दोन फळ्या टाकू, सिलिंडरमध्ये तेल सोडू, नोझलची भोकं बंद करू आणि वरनं ताडपत्री. फळ्या तू आण, माझ्याकडे जास्तीचं लाकूड नाही.

काका