आधी बघ, मग विचार

अगं, तुझे पक्ष्यांचे सगळे फोटो बघितले. प्रत्येकाखाली तोच प्रश्न, काका हा कोण? आणि परवा लिहिलंस की ग्रुपवर तिघांनी तीन नावं सांगितली, पक्षी ओळखणाऱ्या त्या मर्लिन ॲपने चौथंच, आता सोडूनच द्यावं वाटतंय. सोड की मग. नाव विचारणं सोड, दुर्बीण नको सोडूस.

तो झुडपातला पक्षी, शेपूट फांदीआड, डोकं ब्लर, मी काय कपाळ सांगणार? तिथं तू होतीस. शेपूट उभी होती का? उडताना चटचट आवाज आला का, ठिणग्या उडाल्यासारखा? आला असेल तर राखी वटवट्या. डोक्यावर तांबूस टोपी आणि पाठ हिरवट असेल तर शिंपी पक्षी. तू मात्र तेव्हा फोकस जुळवत बसलेलीस. म्हणून म्हणतो आधी बघ, उडून जाईपर्यंत बघ, मग वहीत लिही आणि मगच पुस्तक उघड.

आणि जागा पण बघ गं. हरिपूरच्या कृष्णा-वारणा संगमावर कलकलाट करते ती लाल गाठीची टिटवी, तिकडं दंडोब्याच्या डोंगराच्या बाजूच्या कोरड्या माळावर डोळ्यापुढं पिवळा पडदा लोंबणारी दिसली तर ती माळटिटवी, तिला पाण्याची फारशी गरज नसते. फोटो जवळून क्रॉप केलास की माळ गेला आणि अर्धी ओळख पण गेली.

आमची मंडळी रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, बघायला मायणीच्या तलावावर पळतात, मला म्हणतात तुम्ही त्याच बांधावर काय उगवताय रोज. म्हणू देत. माझी लिस्ट छोटीच आहे, पण त्या बांधावरचा खाटीक पक्षी कुठल्या बाभळीवर बसतो ते मला माहितीय, त्यांना एक तरी पक्षी असा माहितीय का विचार.

खंत एकच आहे. पूर्वी ज्वारी हुरड्यात आली की भोरड्यांचे, म्हणजे गुलाबी मैनांचे, थवेच्या थवे उतरायचे, पार मध्य आशियातनं येतात त्या, पोरं गोफणी घेऊन माळ्यावर. कधी आल्या, कधी गेल्या, एक ओळ लिहिली नाही, वाटायचं त्या काय दरवर्षी येणारच. आता शाळू कमी आणि ऊस जास्त, कुणी विचारलं आधी किती यायच्या तर माझ्याकडं नुसत्या गप्पा. तुझ्याकडं तरी वही असू दे.

रविवारी उजाडायच्या आत ये, कॅमेरा घरी ठेवून. तोवर फोटो पाठवलास तर उत्तर देणार नाही, वहीचं पान पाठव, अक्षर कसं का असेना.