स्क्रिप्ट वर जाते, मी खालीच

प्रश्न: सर, मी उबुंटूवर (लिनक्सचा एक प्रकार) बॅश वापरतो, म्हणजे टर्मिनलमधे टाइप केलेल्या कमांड चालवणारा शेल. प्रोजेक्टमधे फोल्डरात फोल्डर, त्यात अजून फोल्डर, एकेक फोल्डर वर जायला दिवसभर सीडी डॉट डॉट मारून वैताग येतो. म्हणून छोटी स्क्रिप्ट लिहिली, आकडा दिला की तितके फोल्डर वर जायचं. एरर येत नाही, पण पीडब्ल्यूडी (आपण कुठल्या फोल्डरमधे आहोत ते सांगणारी कमांड) करून बघतो तर आहे तिथेच! काय चुकतंय?
– एक वाचक, सांगली

उत्तर: स्क्रिप्ट बरोबर आहे हो, ती खरंच वर जाते, फक्त तुम्हाला सोबत नेत नाही. स्क्रिप्टची फाइल चालवली की बॅश तिच्यासाठी वेगळी प्रोसेस (म्हणजे स्वतंत्र चालणारा प्रोग्रॅम) काढतो, आणि आपण कुठल्या फोल्डरमधे आहोत हे प्रत्येक प्रोसेसचं ज्याचं त्याचं असतं. ती वर गेली, संपली, तुमचा शेल जागचा हललाच नाही. सीडी ही कमांड शेलच्या आतच बसवलेली असते ती यामुळेच. (मी एकदा यात अख्खा रविवार घालवलाय.)

तेच सगळं फंक्शन (नाव दिलेला कमांडचा गट) करून होम फोल्डरमधल्या डॉट बॅशआरसी फाइलमधे टाका, टर्मिनल उघडलं की बॅश ती वाचतो, फंक्शन चालू शेलमधेच चालतं. एलियसने (कमांडला दिलेलं टोपणनाव) भागणार नाही, त्याला आकडा देता येत नाही. आता एक बारीक गोष्ट, समजा चार फोल्डर वर जायचंय, तर लूपमधे चार वेळा सीडी करू नका, आधी डॉट डॉट स्लॅश चार वेळा जोडून पूर्ण पाथ बनवा आणि शेवटी एकदाच सीडी करा. कारण नंतर सीडी मायनस मारलं की शेल मागच्या जागी नेतो, आणि मागची जागा म्हणजे शेवटच्या सीडीच्या आधीची. चार वेळा केलं असेल तर एकच पायरी खाली याल, एकदाच केलं असेल तर थेट मूळ फोल्डरमधे. आकडा दिलाच नाही तर १ धरायचा.

एकच पायरी वर जायची तर बॅश ४.० पासून ऑटोसीडी आहे, म्हणजे सीडी न लिहिता नुसतं फोल्डरचं नाव दिलं तरी चालतं, शॉप्ट मायनस एस ऑटोसीडी ही ओळ त्याच फाइलमधे टाका, टर्मिनल नवीन उघडा, मग नुसते दोन डॉट आणि एंटर. मॅकवाल्यांना त्यांच्या झेडशेल या शेलमधेही हे मिळतं, ऑप्शन तेवढा चालू करायचा.

आणि प्रोजेक्ट गिटमधे (कोडमधले बदल नोंदवून ठेवणारा प्रोग्रॅम) असेल तर पायऱ्या मोजायच्या कशाला, गिट रेव्ह-पार्सला शो-टॉपलेव्हल विचारलं की प्रोजेक्टच्या मुळाचा पाथ मिळतो, तो सीडीला द्या. डबल कोट्समधे द्या मात्र, नाहीतर कुठेतरी 'न्यू फोल्डर' असणारच आणि त्यातल्या स्पेसवर गाडी अडणार.