तो वाचत नव्हता, पाठ म्हणत होता

"मावशी, माझा मुलगा चौथीला आहे, नऊ पूर्ण झाली, इंग्लिश मीडियम. रोज रात्री धडा वाचायला बसवते आणि तो धडाधड वाचतो म्हणून मी निर्धास्त होते. परवा पंख्याने पान उलटलं आणि हा तरी मागच्याच पानावरचं बोलत राहिला. मग मी एकेका शब्दावर बोट ठेवून विचारलं तर 'वॉज'ला 'सॉ' म्हणाला, पुढे गप्पच. मला इतका राग आला की फूटपट्टीने मारलं. सासूबाई म्हणतात मोबाईलने वाट लावली, टीचर म्हणतात लक्ष देत नाही, मिस्टर म्हणतात मीपण असाच होतो, होईल नीट. पण हाच मुलगा स्टेशनवर उभा राहून कुठली स्लो कुठली फास्ट, कुठे थांबणार, सगळं सांगतो. मराठी मीडियमला टाकू का? मंद तर नाहीये ना? – एक आई, भांडुप"

अगं बाई, आधी ते पान उलटलं त्यावर बोलू, कारण तुझ्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे आणि तू त्याला फसवणूक समजून बसलीयेस. अख्खा धडा वर्गात ऐकून ऐकून पाठ करायचा, कुठल्या चित्राला कुठलं वाक्य ते लक्षात ठेवायचं, आईला संशय येऊ नये म्हणून मधे मधे थांबायचं पण, हे आळशी पोराचं काम आहे का? बाकीची मुलं नुसतं वाचून मोकळी होतात, हा त्याच्या दुप्पट मेहनत करतोय, ती पण लपून. मंद मुलाला हे जमणं कठीण.

आता हा डिस्लेक्सियाच (म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचता-लिहिताना अक्षरं अडणं) आहे असं मी पत्रावरून सांगणार नाही, तो माझा अधिकार नाही, पण तपासून घ्यायला हवं एवढं नक्की. ही काही हल्लीची मोबाईलची भानगड नाही हे सासूबाईंना सांग. १८९६ साली, म्हणजे इकडे मुंबईत प्लेग सुरू झाला त्याच वर्षी, इंग्लंडमधल्या प्रिंगल मॉर्गन नावाच्या डॉक्टरने पर्सी नावाच्या १४ वर्षांच्या मुलाबद्दल ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लिहिलं होतं. मुलगा चुणचुणीत, खेळात कुणाच्या मागे नाही, पण वाचता येईना, स्वतःचं नाव लिहिताना पण अक्षरं उलटीपालटी, पर्सीचं प्रेसी. त्याचे मास्तर म्हणायचे की सगळं शिकवणं तोंडी असतं तर हा शाळेत पहिला आला असता. वाच ना, तुझ्या लेकाचंच वर्णन आहे.

होतं काय, बोलणं मूल आपोआप उचलतं, वाचणं नाही, वाचायला डोळ्याला दिसलेलं अक्षर आणि कानातला आवाज यांची गाठ मेंदूला मुद्दाम मारावी लागते. काही मुलांची ती गाठ पटकन बसत नाही. प्रत्येक शब्द नव्याने सोडवायचा, वाक्याच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरलेली, त्यात शेजारी आई फूटपट्टी घेऊन. हे बऱ्याचदा घराण्यात चालत येतं, म्हणून मिस्टरांचं 'मीपण असाच होतो' हे वाक्य हसण्यावारी नेऊ नकोस, ते डॉक्टरला सांगायचं आहे. पण 'होईल नीट'ला मात्र काही अर्थ नाही, चौथी म्हणजे आधीच उशीर झालाय.

मीडियमचं म्हणशील तर घाईत काही करू नको. मराठीत लिहिलं तसंच बऱ्यापैकी वाचतात, इंग्लिशसारखे नखरे नाहीत, त्यामुळे थोडं सोपं जाऊ शकतं, पण अडचण पळून जात नाही. 'कि' बघ, वेलांटी आधी दिसते आणि आवाज नंतर. 'सूर्य' मधला र बसलाय य च्या डोक्यावर आणि म्हणायचा मात्र य च्या आधी. घ-ध, भ-म, जोडाक्षरं वेगळीच. अडखळणाऱ्या मुलाला हे पण डोंगर आहेत. आधी तपासणी, मग मीडियम, आणि वर्षाच्या मधे तर नकोच, असं माझं मत.

तपासणीत पहिले डोळे आणि कान, कधीकधी साधा चष्मा निघतो. मग शाळेकडून चिठ्ठी घेऊन सायन, नायर किंवा केईएमच्या लर्निंग डिसॅबिलिटी क्लिनिकला जा, तिन्ही पालिकेचीच हॉस्पिटलं, तुला सायन सोयीचं. एका खेपेत होणार नाही. मुलांचे डॉक्टर बघतात, सायकॉलॉजिस्ट बुद्ध्यांक काढतात, वाचन-लेखनाची वेगळी टेस्ट होते, नंबर लागायलाही वेळ जातो, तेव्हा सुट्ट्यांची वाट बघत बसू नकोस. सर्टिफिकेट आठ पूर्ण झाल्यावर मिळतं, म्हणजे तुमचं वय बसतंय. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात डिस्लेक्सिया धरलेला आहे, त्यामुळे पुढे दहावीला तासाला २० मिनिटं जादा, लागला तर लेखनिक, हे उपकार नसून त्याचा हक्क आहे. 'दिव्यांग' शब्दाने घरात रडारड होईल, होऊ दे. आणि सोसायटीच्या ग्रुपवर कुणी रंगीत चष्मा नाहीतर बुद्धीच्या गोळ्या सुचवल्या तर पैसे वाचव, ते रेमेडियलवाल्या, म्हणजे अशा मुलांना वेगळ्या पद्धतीने वाचायला शिकवणाऱ्या टीचरला लागणारेत.

घरी काय करायचं? रात्रीची परीक्षा आजपासून बंद. त्याऐवजी पंधरा मिनिटं, घड्याळ लावून, तू वाच आणि तो बोट फिरवत तुझ्याबरोबर वाचू दे. अडला की तीन सेकंद थांब आणि शब्द सांगून टाक, "आठव ना, कालच सांगितलं होतं" अजिबात नाही. ताटलीत रवा पसरून बोटाने अक्षर काढायचं, काढताना मोठ्याने म्हणायचं. आपल्या जुन्या धूळपाटीचंच काम आहे हे, आता स्पेशल एज्युकेटर फी घेऊन करतात (आणि बरोबरच करतात). अक्षरं न बघता नुसते आवाज खेळवायचे ते तर ट्रेनमध्ये पण होतं, त्याला स्टेशनं आवडतातच. दादरमधला दा काढ, काय राहिलं? दर. ठाणेमधल्या ठा च्या जागी गा घाल. गाणे! कळव्याचं हळवा. तू मुद्दाम एखादं चुक, त्याला तुला पकडू दे, बिचारा रोज स्वतःच पकडला जातो.

पाहुण्यांसमोर "वाचून दाखव" नको आणि धाकटीशी तुलना वगैरे असेल तर ती पण नको.

राहिला मार. झालं ते झालं, पण त्याला सॉरी म्हण, आईने मुलाला सॉरी म्हटलं म्हणून आकाश कोसळत नाही. "तू वाचायला लबाडी करत नव्हतास, तुला खरंच जमत नाहीये, मला कळलं नव्हतं" एवढंच, मग भाषण नको. आणि मिस्टरांना सांग की बँकेचा फॉर्म अजून कुणाकडून तरी भरून घेतात का, शाळेत बाकावर उभं केलं होतं का, जे काय असेल ते एकदा स्वतःच्या तोंडाने पोराला सांगा. बापाकडून ऐकलेलं त्याला कुठल्याही सर्टिफिकेटपेक्षा आधी उपयोगी पडेल.

सायनला जाताना दुसरी-तिसरीच्या वह्या घेऊन जा, लाल शेऱ्यांनी भरलेल्या असल्या तरी. रद्दीवाल्याला दिल्या नसशील तर माळ्यावर बघ.

– मावशी