जुनी लहान स्कूल बस घेऊन तिची राहण्याजोगी गाडी करायची आहे. घेण्याआधी इंजिनात काय काय पाहावं?

तुम्ही लिहिलं आहे की २०१४ ची सतरा सीटर फोर्स ट्रॅव्हलर मिळते आहे, शाळेवर चालायची, मीटरवर फक्त नव्वद हजार आहे, आणि तुम्ही ओळखीचा मिस्त्री सोबत घेऊन रविवारी इंजिन पाहायला जाणार आहात. इंजिन नंतर पाहा. आधी मॅट उचला.

या विषयावर आमच्या घरात दोन पक्ष आहेत. एका पक्षात मी, दुसऱ्या पक्षात आमचे भाऊजी आणि त्यांच्यामागे झाडून सगळे नातेवाईक. भाऊजींची अर्धी हयात ट्रकवर गेली. नागपूर-कलकत्ता रोड त्यांना पाठ आहे. गाडीचा आवाज ऐकून ते रोग सांगतात, आणि बरेचदा बरोबर सांगतात, तेच तर दुखणं आहे. माझं आर्वीकडे मोटार रिवाइंडिंगचं दुकान. हरभरा-गव्हाच्या दिवसांत शेतकऱ्याची पाण्यातली मोटार जळाली की ती काढून, टेम्पोत घालून माझ्यापर्यंत आणायलाच त्याचा दिवस जातो. म्हणून दुकानच गाडीत घालायचं डोक्यात आलं, आणि त्यासाठी लहान स्कूल बस शोधत होतो. आत उभं राहता येतं, दार मोठं असतं, खिडक्या भरपूर.

पुलगावच्या बाजूला एक गाडी कळली. शाळेमागे बाभळीखाली उभी होती. पिवळा रंग नवा, टायर काळेभोर. भाऊजींनी चावी फिरवली, गाडी पहिल्या सेल्फात उठली. ते डोळे मिटून ऐकत राहिले आणि म्हणाले, "ऐकला का आवाज? एकदम मक्खन हाय." तोवर मी पायरीजवळच्या रबर मॅटची पट्टी काढली होती. मॅटखालून कुबट वास आला. प्लायला बोट लावलं तर भुगा हातात आला. मग खाली पाठीवर झोपून स्क्रू ड्रायव्हर घेतला. चासीवर बॉडी ज्या आडव्या पट्ट्यांवर बसते, त्यातली पायरीमागची पट्टी नुकत्याच मारलेल्या काळ्या रंगाने चकचकत होती. तिथे स्क्रू ड्रायव्हर टेकवला आणि जरा दाबला, तर तो मुठीपर्यंत आत गेला. रंगाचा पापुद्रा तेवढा शिल्लक, आत लोखंड नाहीच. त्यापुढच्या पट्टीलाही तेच. मागच्या चाकांवरच्या उंचवट्याला जिथे फरशीचा पत्रा मिळतो, त्या सांध्यात पांढरी बुरशीसारखी भुकटी. मालकाला विचारलं तर सुटीच्या दिवशी याच गाडीतून युरियाची पोती यायची. खत हवेतला ओलावा धरतं आणि सांध्यात बसून पत्रा खातं, हे ज्याच्या घरी फवारणीचा पंप आहे त्याला सांगायला नको.

मालक म्हणे, "साहेब, थोडं तं सगळ्याच गाडीले रायते." भाऊजी म्हणाले, "पत्र्याचं काय घेऊन बसला, वेल्डिंगवाला एका दिवसात मारून देते. अबे, तू गाडी घ्याले आला का नवरी पाहाले?" मी नाही म्हटलं. घरी आल्यावर आईपासून साडूपर्यंत सगळ्यांनी ऐकवलं की याला लाखाची गाडी रुपयाच्या पेचकसाने पाहायची सवय.

आता गंमत ऐका. तीच गाडी पुढच्याच महिन्यात भाऊजींनी घेतली. ट्रक सोडून त्यांनी लग्नाच्या स्वयंपाकाच्या ऑर्डरी सुरू केल्या होत्या, भांडी, शेगड्या, माणसं न्यायला त्यांना ती हवी होती. सीटा काढल्या आणि बोल्टच्या प्रत्येक भोकाभोवती पत्र्याला गंजाचं गोल निघालं. पोरं पावसाळ्यात ओल्या पायांनी चढतात, ड्रायव्हर रोज बादलीने आतून धुतो, पाणी बोल्टमधून प्लायखाली जातं आणि वर रबर मॅट असल्यामुळे ते कधीच वाळत नाही. पूर्ण फरशी कापावी लागली. कापणाऱ्याने आत आधार न देता कापली, त्यामुळे बॉडी बसली आणि दार लागेना. दार लागावं म्हणून खांब ओढले, तर समोरची काच तडकली. सगळी लग्नसराई गाडी बॉडीवाल्याच्या अंगणात. जेवढ्याला घेतली जवळजवळ तेवढेच वर घातले, आणि त्या हंगामात भांडी भाड्याच्या पिकअपने गेली.

भाऊजींचं आजही म्हणणं हेच की इंजिन चांगलं आहे. इंजिन चांगलंच आहे, त्याबद्दल वाद कोणी घातला होता?

मी नंतर यवतमाळकडची घेतली. इंजिन थकलेलं, निळा धूर सोडायची, मालकालाही लपवता येत नव्हता. पण ती संस्था गाडी शेडमध्ये ठेवायची. मॅट उचलली तर प्लाय कोरडा, पट्ट्यांवर कारखान्याचा जुना मळका रंग, धुळीने भरलेला, आणि तोच पाहायचा असतो. इंजिन उघडलं, रिंगा, बेअरिंग, हेडचं काम केलं. तालुक्याच्या मिस्त्रीने आधी कागदावर आकडा लिहून दिला आणि बिल त्याच्या आसपासच आलं. माझं म्हणणं एवढंच आहे: इंजिनाचा खर्च आधी सांगता येतो, सडलेल्या बॉडीचा सांगता येत नाही, कापल्याशिवाय तो दिसतच नाही. ट्रॅव्हलरचं ते २.६ लिटरचं इंजिन मूळ मर्सिडीजच्या ओएम ६१६ घराण्यातलं, त्याचे पार्ट मिळतात आणि हात बसलेले मिस्त्रीही मिळतात. सडलेली आडवी पट्टी मात्र कोणत्याही दुकानात टांगलेली नसते.

त्या नव्वद हजारावर भाळू नका. २०१४ च्या शाळेच्या गाडीचं मीटर कमी दिसतं कारण मार्च २०२० मध्ये शाळा बंद पडल्या आणि गावोगावच्या गाड्या दीड वर्षाच्या वर जागेवरून हलल्या नाहीत. म्हणजे २०२० आणि २०२१ असे दोन पावसाळे उघड्यावर, काळ्या मातीत चाक रुतलेलं, खाली गवत. उंदरांनी वायरिंग खाल्लेलं, ब्रेकचे सिलिंडर जाम, डिझेल टाकीत गंज. त्या काळात गाडी कुठे उभी होती, शेडमध्ये की झाडाखाली, हा पहिला प्रश्न विचारा, आणि मालकाला न विचारता ड्रायव्हरला विचारा. शिवाय शाळेची गाडी म्हणजे दर फर्लांगावर थांबा. किलोमीटर कमी असले तरी क्लच, ब्रेक आणि सेल्फ यांचं वय जास्त झालेलं असतं.

पाहायला जाताना स्क्रू ड्रायव्हर, टॉर्च, जुनी चादर आणि कपड्यात गुंडाळलेलं स्पीकरचं चुंबक न्या. खालच्या अर्ध्या बॉडीवरून चुंबक फिरवा, जिथे चिकटत नाही तिथे लांबीचा, म्हणजे पुट्टीचा थर आहे. मॅट पायरीजवळ, सीटच्या पायांशी आणि मागच्या संकटकालीन दाराखाली उचला. मालक उचलू देत नसेल तर नमस्कार करून परत या. खाली ताजा काळा रंग किंवा रबर कोटिंग दिसलं तर तिथेच जास्त टोचा. पावसाळा नसेल तर वॉशिंग सेंटरवर नेऊन टपावर पाण्याची धार सोडायला सांगा आणि तुम्ही आत बसा. पाणी कुठून येतं ते डोळ्यांनी पाहा, बहुतेक टपाच्या सांध्यातून किंवा मागच्या दाराच्या रबरातून येतं. ही गोष्ट भाऊजींनी जन्मात केली नाही, कारण ट्रकला टप नसतो.

इंजिनाचंही सांगतो, नाहीतर म्हणाल विचारलं एक आणि सांगितलं भलतंच. गाडी थंड असतानाच पोहोचा, बॉनेटला हात लावून पाहा, गरम असेल तर मालकाने आधीच चालू करून ठेवली आहे. सुरू होताना थोडा धूर चालतो, गरम झाल्यावरही निळा राहिला तर ऑइल जळतंय, पांढरा राहिला तर पाणी जळतंय किंवा इंजेक्टरचं काम आहे, काळा असेल तर डिझेलचं गणित चुकलंय. चालू गाडीत ऑइलचं झाकण काढा, भसाभस वाफ बाहेर येत असेल तर कंप्रेशन खाली उतरतंय. ऑइल दुधाळ दिसलं तर भाव कितीही पाडला तरी घेऊ नका. मग तळेगावच्या सत्याग्रही घाटात चढवा आणि तापमानाचा काटा कुठे जातो ते पाहा. सपाट रस्त्यावर फारसं काही कळणार नाही, कारण स्कूल बसला स्पीड गव्हर्नर असतो, ती साठच्या वर जाणारच नाही. टायरवर चार आकडी तारीख असते, ३११९ म्हणजे २०१९ चा एकतिसावा आठवडा. काळेभोर टायर पॉलिशनेही होतात.

राहण्यासाठी करायची म्हणता, तर चपला घालून आत उभे राहा. टपाला आतून थर्माकोल किंवा तत्सम काही आणि खाली नवी प्लाय बसली की दोनतीन इंच जातात. टपाला काही न लावण्याचा विचारही करू नका. आपल्याकडे मे महिन्यात ४५-४६ अंश असतो आणि नुसत्या पत्र्याखाली दुपारी कुत्रंही बसत नाही. सीटा काढल्यावर रिकामी गाडी एखाद्या जिनिंगच्या काट्यावर वजन करून घ्या, आरसीवरच्या एकूण वजनातून ते वजा करा म्हणजे किती भार उरतो ते कळेल. पाण्याची टाकी मागच्या चाकांच्या मागे ठेवू नका, पुढचं चाक हलकं होतं. मी वाइंडिंग मशीन दोन चाकांच्या मध्ये ठेवली आहे.

कागद. ही गोष्ट शेवटी लिहितोय, पण टोकन देण्याआधी करायची आहे. गाडी संस्थेच्या नावावर असेल तर नुसती मुख्याध्यापकांची सही चालवून घेऊ नका, विक्रीचा संस्थेचा ठराव मागा. बँकेचा बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं ना-हरकत, नाव चढवायला २९ आणि ३०. शाळेचा परवाना आधी परत झालेला हवा. टॅक्स आणि ई-चलान ऑनलाइन तपासा. आठ वर्षांवरच्या परवान्याच्या गाडीला फिटनेस दरवर्षी लागतं, ते संपलेलं असेल तर का संपलं ते विचारा. आतली रचना बदलायची तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरटीओची परवानगी लागते, आणि राहण्याच्या गाड्यांसाठी एआयएस १२४ नावाचं वेगळं मानक आहे. म्हणून आधी तुमच्या आरटीओत जाऊन, कोणत्या प्रकारात नोंद करून देतील ते विचारा. माझी दुकानाची गाडी आहे, तुमचं प्रकरण वेगळं पडेल. चालवायचं म्हणाल तर ७५०० किलोच्या आतली असेल तर साध्या एलएमव्ही, म्हणजे हलक्या वाहनाच्या लायसनवर भागतं.

आणि हो, मी जे बोललो ते लहान बसचं. टाटा ४०७ च्या चासीवर बाहेरच्या बॉडीवाल्याने बांधलेली बस असेल तर पट्ट्या जाड असतात, त्यात थोडा गंज चालतो. कारखान्यातून बॉडीसकट आलेल्या गाडीत चालत नाही. चासीच्या दोन लांब पट्ट्यांना कोणी वेल्डिंग मारलेलं दिसलं तर दोन्ही प्रकारात सोडून द्या. एवढं पाहूनही इंजिन पूर्ण बसलेलं असेल तर अर्थातच भाव पाडा, मी इंजिन पाहूच नका असं म्हणत नाही, जरी भाऊजी गावभर तसंच सांगत फिरतात.

रविवारी जाल तेव्हा मिस्त्रीला आधी पायरीजवळ न्या. तो बॉनेटकडेच वळेल, सगळे वळतात, त्याला हाताला धरून खाली वाकवा. आणि गाडी पुलगावकडची असेल, मागच्या काचेवर आचाऱ्याचा मोबाइल नंबर खरवडल्याच्या खुणा असतील, तर ती आमचीच समजा. फरशी नवी आहे. दार अजूनही जोरात ओढावं लागतं.