मैदान बदललं की फलंदाज?

प्रश्न : मुंबईच्या कांगा क्रिकेट लीगमध्ये जुलैतल्या पंचवीस धावा म्हणजे कोरड्यातलं शतक, असं जुने लोक म्हणायचे. हे नुसतं कौतुक, की त्यामागे कारण आहे? आणि मुलांना तसा सराव आज देता येईल का?
– एक वाचक, दादर

उत्तर : कारण मातीत आहे. १९४८ पासून ही स्पर्धा पावसाळ्यातली, आणि विकेट, म्हणजे खेळपट्टी, न झाकण्याची तिची परंपरा. पूर्ण भिजलेली विकेट तशी गरीब असते. चेंडू घसरत, खाली, सरळ येतो. खरी पंचाईत ऊन पडल्यावर होते. वरचा पापुद्रा सुकतो, खालची माती मऊच राहते. चेंडू पापुद्रा फोडून रुततो, थांबून येतो, आणि एकाच टप्प्यावरचा एक छातीवर उसळतो, तर दुसरा घोट्याशी राहतो. पुढे झेपावून ड्राइव्ह मारणारा ऑफसाइडला जवळच उभ्या शॉर्ट कव्हरच्या हातात चेंडू देऊन परततो. टिकतो तो बॅकफूटवर थांबून, खालचा हात सैल ठेवून, चेंडू डोळ्यांखाली आल्यावर खेळणारा. त्यात आउटफिल्डला गवत माजलेलं, म्हणजे जमिनीलगतचा खणखणीत फटकाही वाटेतच मरतो. ‘खडूस’ म्हणून मिरवणारा मुंबईकर फलंदाज हवेतून मारायला शिकला तो याच गवतापायी!

सराव देता येतो. नेटमधली एक टर्फ विकेट त्यासाठी राखा, चांगली विकेट यात घालवू नका. आदल्या संध्याकाळी झारीने सारखं पाणी द्या आणि रोलर फिरवू नका. सकाळी तासभर ऊन लागू द्या. मग अंगठा दाबून बघा : खळगा पडायला हवा, पण माती बोटाला चिकटता कामा नये. चिकटली तर अजून थांबा. गोलंदाजाचा पाय पडतो तिथे लाकडाचा भुसा पसरा, नाहीतर घोटा मुरगळलाच. ऑफस्पिनर आणि कटर, म्हणजे बोटांनी कापून टप्प्यावर वळणारा चेंडू, टाकणारेच लावा. हेल्मेटशिवाय कुणालाही उभं करू नका. संपल्यावर लगेच रोलर फिरवायचा मोह होतो, पण ओली माती रोलरला चिकटून विकेटचे पोपडे निघतात. खड्डे त्याच मातीने भरून ठोका आणि रोलर दुसऱ्या दिवशी फिरवा.

प्रश्न : पूर्वी सीमेवर झेल जायचे तेच फटके आता सिक्सर ठरतात. मनगटं एवढी बळकट झाली?
– एक वाचिका, पुणे

उत्तर : मनगटं झाली असतील, पण आधी दोरी बघा. पुरुषांच्या आंतरराष्ट्रीय सामन्यात सीमारेषा खेळपट्टीच्या मध्यापासून किमान ५९.४३ आणि जास्तीत जास्त ८२.२९ मीटर असते. पूर्वी बऱ्याच मैदानांवर कुंपण हीच सीमा होती. आता क्षेत्ररक्षक जाहिरातींच्या फळ्यांवर आपटू नये म्हणून दोरी आत घेतात. त्याला हरकत नाही, पण ती कित्येकदा गरजेपेक्षा बरीच आत येते. गोल मैदान धरलं तर ७५ मीटरची सीमा ६५ वर आणली की जवळजवळ पाव मैदान नाहीसं होतं.

बॅटही जाड झाली. ऑक्टोबर २०१७ पासून कडेची जाडी ४० आणि एकूण खोली ६७ मिलिमीटरच्या वर चालत नाही, पण ही मर्यादासुद्धा सढळच म्हणायची. दोरी आत आल्याचं खरं नुकसान सिक्सर वाढण्यात नाही, दोन-तीन धावांची पळापळ गेली त्यात आहे. डीपमधून येणारा थ्रो, यष्टीमागची घाई, रन-आउटची हाकाटी, सगळं त्या पट्ट्यातच घडायचं.

प्रश्न : एकदिवसीय सामन्यात शेवटच्या दहा षटकांतला रिव्हर्स स्विंग कुठे गेला?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ऑक्टोबर २०११ पासून दोन्ही बाजूंनी वेगवेगळे नवे चेंडू आले. पन्नासाव्या षटकाअखेरीस प्रत्येक चेंडू जेमतेम २५ षटकं वापरलेला. रिव्हर्सला, म्हणजे जुना चेंडू नव्याच्या उलट दिशेला हवेत वळायला, त्याची एक बाजू चकचकीत आणि दुसरी पुरती खरबडीत आणि कोरडी लागते. हिरव्यागार आउटफिल्डवर तेवढ्यात ती खरबडीत होत नाही. त्यात चेंडूला थुंकी लावायला २०२० पासून बंदी, आणि घामाने तशी चकाकी टिकत नाही.

जुलै २०२५ पासून मात्र ३४ षटकांनंतर दोनांतला एकच चेंडू ठेवायचा नियम आला. तो तेव्हा १७ षटकं जुना असतो, शेवटी ३३. म्हणजे आता थोडी आशा आहे, पण संध्याकाळी दव पडलं तर तीही गेली.

प्रश्न : वानखेडेवर स्विंग नीट दिसेल असं तिकीट कुठलं?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : गोलंदाजाच्या हाताच्या सरळ रेषेत, म्हणजे गरवारे पॅव्हेलियन किंवा टाटा एंडच्या मागे, साइटस्क्रीन आड येणार नाही असं बघून. बाजूच्या स्टँडमधून टप्पा आणि उसळी कळते, वळण नाही. आणि दिवस-रात्र सामन्यात दुसऱ्या डावाची पहिली षटकं चहाच्या रांगेत घालवू नका. २ नोव्हेंबर २०२३ ला इथेच श्रीलंका ५५ धावांत आटोपली ती दिव्यांखाली, नव्या चेंडूवर. सिराजने तीन, शमीने पाच घेतले.